जागा सांग

आमच्या यंत्राचं कागदोपत्री नाव फार लांबलचक आहे. ते फाटकावरच्या पाटीवर असतं आणि तिथेच बरं दिसतं. आम्ही कामाची माणसं त्याला नुसतं कडं म्हणतो. जमिनीखाली चौदा मीटरवर एक गोल बोगदा, त्यात गोल फिरून पुन्हा स्वतःला मिळणारी मनगटाएवढी नळी आणि नळीवर ओळीनं बसवलेली, एकेक खोलीएवढी चुंबकं. सगळा घेर सहाशे मीटर. नळी जिथे जिथे वळते, त्या जागेला आम्ही कोन म्हणतो. नळीतली हवा उपसून काढायची, त्या पोकळीत हायड्रोजनचे कण सोडायचे आणि चुंबकांनी वळवत वळवत पळवायचे. एका सेकंदात दोन-अडीच लाख फेऱ्या होतात. बडा घर पोकळ वासा, असं लोक टोमणा म्हणून म्हणतात. आमच्याकडे ती कौतुकाची गोष्ट आहे. नळी जितकी पोकळ, तितकं कडं ठणठणीत.

ही पोकळी सांभाळायचं काम माझ्या धाकट्या दिराचं. पंप, झडपा, नळीचे सांधे सगळं तो बघतो, म्हणून त्याचं नाव पडलं पोकळे. नव्या माणसांना ते आडनावच वाटतं. एका पाहुण्या साहेबांनी तर ‘पोकळे, मूळचे कुठले तुम्ही?’ असं आदरानं विचारलं होतं, आणि हा गाढव ‘सातव्या कोनातला’ म्हणून मोकळा झाला. मी लग्न होऊन आले तेव्हा हा शाळेत होता आणि दप्तर माझ्याकडून भरून घ्यायचा. तेव्हापासून त्याच्यावर ओरडायचा हक्क माझ्याकडे आहे. तो मी मनापासून बजावते.

मी नियंत्रण कक्षात बसते. बावीस वर्षं झाली. कडं चालू करायचं बटण माझ्या उजव्या हाताशी, बंद करायचं डाव्या हाताशी.

या कड्याची नळी माझ्या सासऱ्यांनी जोडली, त्यांच्यासारख्या चाळीस वेल्डरांबरोबर. ते सांगायचे, पहिली बारा वर्षं नुसता थाट होता. बाहेरून मोठमोठे शास्त्रज्ञ यायचे. अणूच्या पोटात काय आहे ते बघायचं म्हणून कणावर कण आपटायचे आणि तुकडे कुठे उडतात ते मोजायचे. सासऱ्यांचं म्हणणं असं, की बंद पेटीत काय आहे ते कळत नसेल तर ही मंडळी ती माडीवरून खाली टाकतात. एकदा त्यांना एक नवा कण सापडलासुद्धा. पण दुसऱ्या कोणाला तो तीन आठवडे आधी सापडला होता. वरातीमागून घोडं. मग जगात दहापट, शंभरपट मोठी कडी झाली, शास्त्रज्ञ आपले फळे घेऊन तिकडे गेले आणि इथे कडं उरलं. एवढा हत्ती नुसता उभा करून पोसणार कोण? त्याला कामाला जुंपलं. एक फाटा अंतराळात जाणाऱ्या यंत्रांचे सुटे भाग भाजून बघायला. दुसरा तपासणीची औषधं तयार करायला. आणि तिसरा, सातव्या कोनातून निघणारा, शेजारच्या इस्पितळाला.

तिथे या पळवलेल्या कणांचा झोत माणसावर सोडतात. डोळ्यामागची किंवा मेंदूच्या तळाची गाठ, जिथे सुरी घालता येत नाही, तिथे. हा झोत कातडीतून, हाडातून जाताना तसा सभ्य असतो. नेमका ठरलेल्या खोलीवर जाऊन थांबतो आणि सगळा राग तिथेच काढतो. शेकडो माणसांची दृष्टी त्यानं वाचवली आहे, मला त्याचा अभिमान आहे. पण झोताला गाठ आणि माणूस यातला फरक कळत नाही. तो फरक आम्ही सांभाळायचा असतो.

सांभाळायची रीत अशी. आत जाणाऱ्या प्रत्येकानं फळ्यावरची आपली चावी काढून बरोबर न्यायची. चावीलाच त्याचा बिल्ला अडकवलेला असतो. अंगावर किरणं किती पडली ते हा बिल्ला सांगतो. फळ्यावर एक जरी चावी कमी असेल तर कडं चालूच होत नाही. बाहेर येण्याआधी दोघांनी अर्धा-अर्धा बोगदा फिरून झडती घ्यायची, प्रत्येक कोनातलं बटण दाबायचं, म्हणजे इथे कोणी नाही अशी खूण लागते. मग इंटरकॉमवर मी शेवटचं विचारायचं आणि त्यांनी उत्तर द्यायचं. मग दीड मिनिट भोंगा. मग झोत.

या शेवटच्या उत्तरासाठी आमच्या मास्तरांचा एक नियम होता. मास्तर म्हणजे माझ्याआधी या खुर्चीत बसणारे. चौदा वर्षं शेजारी बसवून त्यांनीच मला शिकवलं. ते म्हणायचे, “क्रियापद नको. जागा सांग. आपला माणूस निघताना ‘येतो’ म्हणतो, आणि पलंगावरून उठलेलाही नसतो तेव्हा ‘आलो, आलो’ म्हणून ओरडतो. तुमच्या ‘आलो’वर मी कडं चालू करणार नाही.” म्हणून इंटरकॉमवर आम्ही फक्त जागा बोलायचो. ‘मोठ्या दारात.’ ‘तिसऱ्या कोनात.’ ‘बाहेर.’ यावरून आम्ही घरी थट्टाही करायचो. जेवायला येतोस का, म्हटलं की पोकळे आतून ‘पलंगावर!’ म्हणून आरोळी ठोकायचा आणि सासूबाई कपाळाला हात लावायच्या.

मास्तर निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. नियम चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेला आहे. तोंडातून तो कधी गेला ते मला सांगता येणार नाही, आणि ही लाज माझी आहे.

त्या मंगळवारी सकाळी सातव्या कोनातला पंप कुरकुरत होता. पोकळे आणि लांब्या आत गेले. लांब्या म्हणजे झडतीचं काम बघणारा, सव्वासहा फुटांचा, बोगद्यात कायम मान वाकवून चालणारा भला माणूस. पावणेबारापर्यंत व्हायचं काम लांबत चाललं आणि इस्पितळातून सिस्टरचे फोन सुरू झाले.

“पेशंटला मुखवटा लावून झोपवलंय हो. त्या मुखवट्यात मान हलवता येत नाही. किती वेळ ठेवायचं त्यांना तसं?”

“पाच मिनिटं,” मी म्हटलं.

“मघाशीपण पाचच म्हणालात.”

पेशंट म्हणजे एक शाळामास्तरीण होती. डोळ्यामागे गाठ, पंचवीस वेळांपैकी तेरावी वेळ. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण जाळीच्या मुखवट्याखाली डोळे मिटून पडलेली बाई मला दिसत होती आणि मी पोकळेवर मनातल्या मनात चिडत होते.

बारा वाजून दोन मिनिटांनी लांब्या मोठ्या दारातून बाहेर आला, दार लावलं, फळ्यावर चाव्या लावल्या. माझ्यासमोर सगळे दिवे हिरवे झाले. झडती पूर्ण, फळा भरलेला.

खाली काय झालं होतं ते मला नंतर कळलं. आपापल्या अर्ध्या भागाची झडती घेऊन, सगळी बटणं दाबून दोघं मोठ्या दारात भेटले. तिथे पोकळेला आठवलं, की पाना पंपावरच राहिला. चुंबकाशेजारी लोखंडी पाना ठेवून कडं चालू केलं तर तो उडून नळीवर आदळेल. हे खरंच होतं, आणि परत जाणं बरोबरच होतं. पण पुन्हा झडती म्हणजे आणखी वीस मिनिटं. पोकळेनं चावी लांब्याच्या हातात दिली आणि म्हणाला, “तू लाव ही. मी सातव्याच्या शिडीनं वर आलोच.” लांब्याला हे ‘आलोच’ इतकं पटलं, की वर येईपर्यंत त्याच्या लेखी पोकळे वर पोचलासुद्धा होता.

दिवे हिरवे होते. तरी सवयीनं मी इंटरकॉमचं बटण दाबलं. तो आवाज अख्ख्या बोगद्यात आणि वरच्या खोल्यांतही जातो.

“पोकळे, आलास का रे?”

“आलो!” उत्तर आलं.

उत्तर कुठून आलं ते दाखवणारा एक छोटा दिवा माझ्या टेबलावर असतो. मी त्याच्याकडे बघितलं नाही. फोन वाजत होता, सिस्टरचाच असणार. तिला ‘आता सोडतेच’ एवढं सांगून मी भोंगा सुरू केला.

खाली पोकळेनं माझा प्रश्न ऐकला होता, उत्तर दिलं होतं, म्हणजे आता वहिनी थांबणार, असं त्यानं गृहीत धरलं. बावीस वर्षांत वहिनी त्याच्यासाठी थांबली नाही असं एकदाही झालं नव्हतं. पाना उचलताना त्याला पंपाच्या सांध्यातून बारीक सुसू ऐकू आलं. त्यानं पंपाच्या आवाजासाठी कानांवर झाकणं चढवली, पंप आणि भिंत यांच्या फटीत शिरला आणि सांधा आवळायला लागला. भोंगा त्याला ऐकू गेला नाही, आणि भोंग्याबरोबर लागणारे फिरते दिवे चुंबकाच्या पलीकडे होते.

भोंगा संपला. बारा वाजून सात मिनिटांनी मी झोत सोडला.

झोत जिथे वळतो तिथे थोडा सांडतो. हा आमचा शब्द. पाणी भरून नेताना वळणावर हिंदकळतं तसंच. सगळ्यात जास्त सांडतो तो सातव्या कोनात, जिथे इस्पितळाचा फाटा फुटतो. पडद्यावर सांडल्याचे आकडे रोजच्यासारखेच उमटले. त्यांच्या शेजारी त्याच कोनातल्या पोकळीचा आकडा होता. तो हळूहळू सुधारत होता.

मी खूश झाले, हे मला कबूल केलं पाहिजे. काम चांगलं केलंन, असं मनात आलं. आकडा आणखी सुधारला. मग थांबला. मग पुन्हा एक पायरी सुधारला, पुन्हा थांबला. पान्यानं आवळलेल्या नटाचा एकेक पीळ असतो, तसा. आणि बंद बोगद्यात नट आपला आपण आवळत नाही.

माझा डावा हात खाली आला. झोत बंद झाला तेव्हा पडद्यावर अकरा सेकंद लिहिलेले होते.

“जागा सांग!” मी इंटरकॉमवर किंचाळले. “पोकळे, जागा सांग!”

कानांवर झाकणं असल्यामुळे त्याला तेही ऐकू गेलं नाही. सहा मिनिटांनी तो स्वतःच शिडीनं वर आला, पाना खांद्यावर टाकून, नियंत्रण कक्षाच्या दारात उभा राहिला. लांब्या भिंतीला टेकून खाली बसला होता. माझा चेहरा बघून पोकळेच चिडला.

“काय झालं? आलो म्हणालो होतो ना मी!”

मग त्याची नजर पडद्यावर गेली. पोकळीचा तो आकडा त्याच्या ओळखीचा होता. त्याच्या शेजारी सेकंद लिहिलेले होते.

“अकरा?” त्यानं विचारलं.

“अकरा,” मी म्हटलं.

“तोंडाला मघापासून लोखंडाची चव येतेय,” तो म्हणाला. “मला वाटलं, पाना तोंडात धरला होता म्हणून.”

आवारातल्या दवाखान्याच्या डॉक्टरबाई हळू बोलणाऱ्या. त्यांनी रक्त काढून घेतलं, त्याला खाटेवर बसवलं आणि मला बाहेरच्या व्हरांड्यात नेलं. बिल्ला अंगावर असता तर आकडा लगेच मिळाला असता. बिल्ला त्या अकरा सेकंदांत वर फळ्यावर सुरक्षित लटकत होता. रक्ताचं खरं उत्तर उद्याशिवाय येणार नव्हतं.

“तोवर शरीरच सांगतं,” त्या म्हणाल्या. “उलटी. दोन तासांत झाली नाही तर बहुतेक निभावलं. एक ते दोन तासांच्या मध्ये झाली तर उपचार आहेत. तासाच्या आत झाली तर...” त्यांनी मागे वळून खोलीचं दार लोटून घेतलं. “तर लगेच मोठ्या इस्पितळात न्यायला हवं, तासन् तास घालवून चालणार नाही. मला मिनिट हवं. नेमकं मिनिट. तुम्ही बसाल त्याच्याजवळ?”

मी बसले. पांढऱ्या फरशीची खोली, एक खाट, दोन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात न्हाणीघराचं दार. मी पोकळेला सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं आणि मला लपवता आलंही नसतं.

“म्हणजे मी आता घड्याळ झालो,” तो म्हणाला.

“गप्प बस.”

“वहिनी, तुझं काय करतील?”

“माझं काय करायचंय ते करोत. तुला मळमळतंय का?”

“तू असं टक लावून बघत राहिलीस तर धडधाकट माणसालाही मळमळेल.”

त्याही स्थितीत मला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. मी म्हटलं, माझं चुकलं रे. तो म्हणाला, चावी मी दिली, तू नव्हे. आम्ही असं थोडा वेळ चुकीची ओढाताण करत बसलो. बारा वाजून एकोणपन्नास मिनिटांनी तो उठला.

“हात धुतो. ग्रीस लागलंय.”

नळ सुटल्याचा आवाज आला. जरा जास्तच वेळ आला. बाहेर आला तेव्हा तोंड, मान, पुढचे केस ओले होते आणि तो शीळ घालत होता. मी विचारलं, “ठीक?” तो म्हणाला, “एकदम.” त्याच्या शिळेवर मी विश्वास ठेवला. मला ठेवायचाच होता.

पावणेदोनच्या सुमाराला माझी जाऊ आली. लांब्यानं तिला फोनवर एवढंच सांगितलं होतं, की किरकोळ काही झालंय आणि दोन तास देखरेखीखाली ठेवलंय. ती डबा घेऊन आली होती. नवऱ्याला दवाखान्यात ठेवलंय तर उपाशी ठेवलं असणार, असं तिचं गणित. मी तिला अर्धंमुर्धं सांगितलं. किरणं, अकरा सेकंद, दोन तास. उलटीचं काही सांगितलं नाही. ती खाटेच्या कडेला बसली आणि डब्याचं झाकण उघडू लागली.

“जेवून घ्या आधी. हात धुतलेत का?”

“धुतले,” पोकळे म्हणाला.

“न सांगता?” जाऊ माझ्याकडे वळून हसली. “ताई, बघा हो, सूर्य कुठे उगवलाय आज! सोळा वर्षांत या माणसानं तीनदा बजावल्याशिवाय हात धुतलेले नाहीत. पोरं बापाचंच बघून शिकली.”

ती हसत होती. मी पोकळेकडे बघितलं. तो डब्याकडे बघत होता आणि बघवत नसल्यासारखा लगेच खिडकीकडे वळला. त्याच्या नखांत ग्रीस तसंच होतं. काळं, घट्ट, दहाही बोटांच्या नखांत.

मी उठून न्हाणीघरात गेले. सगळं स्वच्छ होतं. एवढं स्वच्छ, की भांड्याच्या कडेला एक थेंब नव्हता. कागदाचं गुंडाळं, जे सकाळी नवं लावतात, ते संपून नुसती पुठ्ठ्याची नळी उरली होती. कचऱ्याच्या डब्याचं झाकण मी उचललं आणि वास आला.

तो माझ्यामागे दारात येऊन उभा राहिला होता. जाऊ पाठमोरी होती, डब्याचे कप्पे मांडत होती.

“वहिनी,” तो अगदी हळू म्हणाला, “दोन तास व्हायला बारा मिनिटं राहिलीत. होऊ दे ना.”

“किती वेळा झाली?”

“दोनदा. तुझी खुर्ची जाईल गं. चौकशी लागेल. दोन तास स्वच्छ गेले तर किरकोळ म्हणून मिटेल. मला काही होत नाही.”

“खड्ड्यात गेली खुर्ची,” मी म्हटलं. “मूर्खा, मिनिटाचा उपयोग मला नाहीये. तुला आहे. एक तास खाल्लास तू. स्वतःचा एक तास.”

त्याचा चेहरा तेव्हा पडला. इतका वेळ तो मला वाचवत होता, आणि आपणही त्यात वाचू असं कुठेतरी त्याला वाटत असावं. शाळेत जाताना गृहपाठ केला नसला की असाच माझ्याकडे बघायचा. मी त्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याला बाजूला सारून बाहेर आले.

डॉक्टरबाई दोन तास पुरे होत आले म्हणून स्वतःच आत येत होत्या. चेहरा जरा सैल झाला होता. “काय, सुटलो का आपण?” त्यांनी विचारलं.

“बारा वाजून एकोणपन्नास,” मी म्हटलं. “न्हाणीघरात. मी इथेच बसले होते, मी मिनिट बघितलं होतं. झोतापासून बेचाळिसाव्या मिनिटाला. नंतर आणखी एकदा.”

त्यांनी घड्याळाकडे बघितलं, पोकळेकडे बघितलं, आणि टेबलावरच्या फोनकडे गेल्या. नंबर फिरवताना त्यांनी दोनदा चूक केली.

जाऊ हातात झाकण धरून आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. काहीतरी आकड्याचं चाललंय एवढं तिला कळलं होतं. तिनं मनात हिशेब मांडला आणि तिचा चेहरा उजळला.

“दोन तासांचं म्हणत होते ना, ताई? आणि हे बेचाळीस मिनिटंच?” तिनं मला विचारलं. “मग कमीच झालं की. चांगलंच ना हे?”